कोरं आणि शून्य

पूल ओलांडून दोघी जावा गोदामांच्या रस्त्याला लागल्या, तरी थोरलीच्या तोंडून शब्द नव्हता. एरवी चालताना तिची टकळी थांबायची नाही. बस बंद म्हणून घरापासून पायीच निघालेल्या. धाकट्या जावेला वाटलं, पाय भरून आले असतील.

"ताई, जरा टेकायचं का?"

"टेकले तर परत फिरेन."

थोरली विज्ञान केंद्रात नोकरीला होती. तिथल्या भल्यामोठ्या पडद्यावर पृथ्वीचा गोळा होता, बोट लावलं की फिरायचा. कुठला माल कुठं जातो त्या रेघा, कुठं कसलं संशोधन चाललंय ते ठिपके, कुठं किती पाऊस पडला ते रंग. जगभरातून येणारे आकडे नीट लावून गोळ्यावर चढवायचे, हे तिचं काम. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमची सून जग फिरवते. थोरलीचे यजमान म्हणायचे, जगाचं माहीत नाही, मला मात्र फिरवते.

"काल एक बाई आली होती," थोरली एकदम बोलायला लागली. "इथं भावाकडे राहायला आलीय. गोळा फिरवून तिनं आपलं गाव शोधलं. सगळं खोरं तपकिरी, म्हणजे कोरडं ठाक. त्यावर बोट ठेवून म्हणाली, मागच्या महिन्यात इथंच आमचं घर वाहून गेलं."

"मग कोरडं कसं दिसेल?"

"पुरात पाऊस मोजायची केंद्रंही गेली गं. आकडे येणार कुठून? रकाने कोरे आले. कोरा रकाना दिसला की यंत्र अडून बसतं, त्यात साहेबांची घाई. मी शून्य टाकून मोकळी झाले. पसारा आवरल्यासारखं बरं वाटलं मला."

धाकटीला नीटसं उमगलं नाही. "कोरं काय न् शून्य काय, दोन्हीकडे काहीच नाही ना?"

"तुझे थोरले दीर, जेवणार का विचारलं तर बोलतात कधी? मग भूक नाही असं धरून ताटच वाढलं नाही तर?"

"घर डोक्यावर घेतील." धाकटीला हसू आलं.

थोरली हसली नाही. "शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरं म्हणजे आम्हाला माहीत नाही. मी 'माहीत नाही'च्या जागी नुसतं 'नाही' लिहून बसले. उद्या मदत वाटणारी मंडळी येणार, गोळा बघून कुठं काय पाठवायचं ते ठरवणार. घरं गेलेल्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे राहतील."

"साहेबांच्या कानावर घातलंत?"

"तेच तर सांगायला चाललेय. याच महिन्यात मला कायम करणार होते. आता काय करतील, कोण जाणे."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? देव बघतो सगळं."

"बघतो, म्हणूनच घशाखाली घास उतरत नाहीये."

केंद्राचं फाटक आलं. सुट्टी होती, आत एकट्या साहेबांची गाडी दिसत होती. थोरलीनं पदरानं मान पुसली. धाकटी तिच्यामागून पायरी चढायला लागली, तसं तिनं हात धरून तिला खालच्या बाकावर बसवलं.

"मी येईपर्यंत तू नामस्मरण करत बसशील, माहीताय मला. माझ्या नोकरीसाठी काही मागू नकोस. त्या बाईच्या खोऱ्यासाठी माग."