झाकण उघडायचं नाही

बंद वस्तू दिसली की ती उघडल्याशिवाय टिकटिककाकांच्या हातांना चैन पडत नसे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नीट चालणारं घड्याळसुद्धा "बघू तरी, कसं चालतंय ते" म्हणत मागून उघडणार. दुकान विकल्यावर त्यांनी घरातला रेडिओ, मिक्सर आणि दाराचं कुलूप अशा तीन धडधाकट वस्तू खोलल्या. त्यातल्या दोनच पुन्हा जोडल्या गेल्या.

अशा माणसाच्या हाती आक्कांनी आपलं ऑर्किड दिलं. आक्का म्हणजे काकांची मोठी बहीण, वय वर्षं ऐंशी, एकटं राहणं सोडून नुकतीच लेकीकडे राहायला गेलेली. सामान हलवण्याच्या धांदलीत कुंडीत पाणी साचलं आणि पंचवीस वर्षांचं झाड बुंध्यातून सडलं. "बाळ्या, तुझा हात बारीक कामाचा. एवढं वाचव रे," म्हणाल्या, आणि भावासमोर कधी न रडणाऱ्या आक्का रडल्या. काकांनी छातीठोकपणे हो म्हटलं.

झाड हातचं गेलंच होतं, पण फुलांचा दांडा अजून हिरवा होता. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं, दांड्याच्या पेरावर डोळा असतो, उसाला असतो तसा. पेरापेराचे तुकडे करा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा, ओल्या शेवाळावर ठेवून बरणी बंद करा. "आणि दोन महिने झाकण उघडायचं नाही."

पेरं होती तीन. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने पेरांवरचं पातळ साल असं सोललं की आतल्या डोळ्यांना ओरखडासुद्धा नाही. तीन तुकडे, तीन बरण्या. इथवर दृष्ट लागावी असं काम.

पुढे खोड आडवी आली. पहिली बरणी काका सकाळ-संध्याकाळ उघडून बघत. आठव्या दिवशी तुकड्यावर पांढरी बुरशी. दुसरी बरणी त्यांनी "अगदी क्वचित" उघडली, म्हणजे एक दिवसाआड. तीही गेली.

काकू निवृत्त नर्स. त्या खवळल्याच. "अहो, तासातासाला ड्रेसिंग सोडून बघितलं तर जखम भरते का कधी?" तिसऱ्या बरणीच्या झाकणाभोवती त्यांनी चिकटपट्टीचे चार वेढे दिले, वर तारीख लिहिली आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. काकांना तिथे एकट्याने जायला बंदी.

रविवारी आक्कांचा फोन यायचा. "कसं आहे रे?"

"मजेत आहे," काका म्हणायचे, आणि मग त्यांना जेवण जायचं नाही. मूळ झाड केव्हाच संपलं होतं. आता सगळी भिस्त त्या एका तुकड्यावर.

चाळिसाव्या दिवशी काचेतून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं दिसलं. "अगं, इकडे ये! आधी ये!" काकांच्या ओरडण्याने काकूंच्या हातातला डाव पडला. दोघांनी काचेला नाकं लावली. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंचा हात धरून ओट्यासमोर चक्क गिरकी घेतली. बरणी मात्र उघडली नाही!

चार महिने लोटले. झाकणाची मुदत कधीच सरली होती, पण हाताला काय भरवसा, म्हणून काकांनीच पट्टी काढू दिली नव्हती. आत दोन पानं, बोटभर मूळ. बरणी मांडीवर घेऊन दोघं आक्कांकडे गेले.

"आक्का, एक सांगायचंय. झाड वाचलं नाही. दोन तुकडे मी घालवले. हा एवढाच..."

आक्कांचं लक्ष कुठे होतं! त्यांनी बरणी ओढून घेतली आणि पट्टी टराटरा फाडली.

"अगं, उघडू नकोस!"

"बघू तरी दे!"

"घराणंच असं," म्हणत काकूंनी कपाळाला हात लावला.

आक्कांनी आत बोट घातलं. एक पान चाचपलं, मग दुसरं, मग ते मूळ.

"फूल कधी येईल?"

काका चाचरले. "तीन वर्षं तरी लागतील."

"तीन." आक्कांनी लेकीला हाक मारली. ती बिचारी दोन वर्षं आईच्या मागे लागली होती आणि 'आता या वयात कशाला' एवढंच ऐकत होती.

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन कर गं," आक्का म्हणाल्या. "मोतीबिंदू काढून टाकू म्हणावं. फूल आलं तर दिसायला नको?"