डब्यात उरलेलं झाकण

सकाळची बुद्धवंदना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. आज जास्त होतील. काल आमच्या कॉलनीतल्या शहाण्या माणसांची झडती झाली, आणि ती घेतली साडेचार वर्षांच्या बंटीने.

कॉलनी नाशिक रोडची, त्यामुळे घरटी एक माणूस प्रेसमध्ये. नोटा छापायचं काम, म्हणून सुटताना गेटवर अंगझडती. पोरांना ते पाठ. खातूनबीच्या बालवाडीत पोरं घर-घर खेळत नाहीत, प्रेस-प्रेस खेळतात.

ही खातूनबी मालेगावची. लग्न होऊन आली, बालवाडीचा कोर्स केला आणि नवरा रहेमान अंबडला कंपनीत लागला तशी पुढची खोली रिकामी करून पोरं गोळा केली. त्याला बावीस वर्षं झाली. खोलीत फळा आहे, पण तो तिरका टेकवलेला; त्यावरून पोरं घसरतात. फ्रिजचं मोठं खोकं म्हणजे प्रेस. प्रत्येक पोराने घरून एक झाकण आणलेलं. आल्यावर ते डब्यात टाकायचं, जाताना उचलायचं. आमच्या पायलचं खोबरेल तेलाच्या बाटलीचं, निळं.

यंदा चौकात मोठ्या नावाची शाळा निघाली. तिथे तीन वर्षांच्या पोराला टाय आणि गृहपाठ. ते पाहून बंटीच्या वडिलांनी, निवृत्तीभाऊंनी, अर्ज लिहिला. आमच्याकडे नळाला पाणी बारीक आलं तरी अर्ज निघतो. ‘बालवाडीत केवळ खेळ चालतो, सबब सोमवारपासून वह्या व लेखन सुरू न झाल्यास आम्ही मुले काढून घेऊ.’ मुलं अकरा, सह्या नऊ. चौथी सही माझी, पायलची आजी म्हणून. नातीला वंदनेचं पुस्तक वाचता यावं एवढीच माझी इच्छा, आणि ती रोज यायची केसांत माती घेऊन. उरलेल्या दोन पोरांवर बालवाडी कशी चालणार, हा विचार सही करताना कुणालाच सुचला नाही.

काल शनिवारी, सुटायच्या वेळेला, खातूनबीने सगळ्यांना बोलावलं. पोरं आपापली झाकणं उचलून ओट्यावर गेली. दारात बंटी, कालचा गेटवाला.

“आकडे शंभरपर्यंत यायला पाहिजेत,” निवृत्तीभाऊंनी सुरुवात केली. “शेजारचा नईम त्या चौकातल्या शाळेत जातो, इंग्लिशमध्ये म्हणतो.”

“म्हणतो, का मोजतो?” खातूनबीने विचारलं.

“मोजायचं काय त्यात? म्हटले की झालं.”

मग सगळेच बोलायला लागले. अर्धा तास. खातूनबी दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी सावरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “वह्या नाही देणार मी. बोटं अजून कच्ची आहेत भाऊ, आधी माती मळू द्या.”

“मग संपलं. चल बंटी, दप्तर घे. सोमवारी इथं यायचं नाय.”

बंटी दारातून हलला नाही. “हात वर करा.”

“अरे, बाप आहे मी तुझा!”

“सगळ्यांची होते. पप्पा, तुमचीपण होते ना रोज?”

निवृत्तीभाऊंनी हात वर केले. सवयच ती. बंटीने खिसे चाचपले आणि पेन काढलं. “हे बाईंचं हाय.”

खरंच खातूनबीचं होतं. आल्या आल्या अर्जावर शेवटची सही करायला मागून घेतलेलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“आता तरी सोड!”

“नाय. गेट बंद. एक माणूस आत हाय.”

“कोण आहे आत? सगळे ओट्यावर आहेत.”

“झाकण उरलंय,” म्हणत बंटीने डबा पुढे केला.

निळं झाकण. “पायल!” मी ओरडले. अर्धा तास मुलांच्या भविष्यावर बोलणारे आम्ही इतके जण, आणि एक मूल कमी आहे हे मलाही कळलं नव्हतं.

खातूनबी गुडघ्यावर बसली, खोक्यात वाकली. आत पायल गाढ झोपलेली. उठवल्यावर डोळे चोळत म्हणाली, “आजी, माझी रात्रपाळी हाय.”

हसावं की नाही, कुणालाच कळेना. खातूनबी मात्र शांतपणे निवृत्तीभाऊंकडे वळली. “तुमचं बरोबर आहे भाऊ. बंटीला अकराच्या पुढे मोजता येत नाही. पण माझ्याकडे पोरंच अकरा, काय करू?”

निवृत्तीभाऊंनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली. पण माणूस अर्जाचा, तसा कसा जाईल? “राहू द्या पोरं. फक्त हे झाकणांचं वगैरे वहीत घ्या. रोज एक पान.”

“घेऊ की. पण लिहायचं तुम्ही. रोज संध्याकाळी पोराला विचारायचं, आज काय खेळलास? सोमवारी वही तपासते मी.”

सगळ्यांसमोर त्यांना ‘हो’ म्हणावं लागलं.

आत्ता दार वाजलं म्हणून उठले होते. निवृत्तीभाऊ, हातात कोरी वही. “काकू, तुम्ही रोज लिहिता म्हणे. सुरुवात कशी करतात?”

म्हटलं, “काल तुमच्या खिशात पेन सापडलं, तिथून करा.”