विरोधकाच्या कपाळावरची पावडर

माझ्या थोरल्या जाऊबाई बातम्यांच्या वाहिनीत पाहुण्यांचा मेकअप करतात. करायच्या, म्हणायला हवं. तिथली नोकरी मलाही त्यांनीच लावून दिली, आणि हे सासूबाई मला दिवसातून दोनदा ऐकवतात. भाजी चिरताना एकदा, वाढताना एकदा.

मेकअप रूममध्ये दोन खुर्च्या. खिडकीजवळची, मोठ्या आरशाची त्यांची; दाराजवळची माझी. मंत्री असो की प्राध्यापक, आला की विचारणार, "त्या बाई मोकळ्या आहेत का?" मी पफ हातात घेऊन उभी. सहा वर्षं हेच काम करतेय मी, माझ्या हाताला काय काटे आहेत?

निवडणूक जवळ आली तसं वाहिनीच्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. म्हणाले, सरकारच्या बाजूचे पाहुणे नीट तयार करायचे, विरोधकांना मात्र पावडर लावायची नाही. स्टुडिओच्या दिव्यांखाली बिनपावडरचं कपाळ दोन मिनिटांत चमकायला लागतं. घरी बघणाऱ्याला वाटतं, याला घाम फुटला, म्हणजे नक्की याचंच काहीतरी चुकलंय. वेगळं काही बोलावंच लागत नाही.

मी मान डोलावली. जाऊबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या, आणि संध्याकाळी विरोधी पक्षाच्या माणसाचं कपाळ, नाक, टक्कल, सगळं नीट पावडर लावून दिलं.

"अहो जाऊबाई, साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"माझ्या खुर्चीत बसलेल्याला मी पक्ष विचारत नाही गं. कपाळ आहे, पावडर लावते."

म्हणजे मी मेली हुकमाची ताबेदार, आणि या मोठ्या न्यायाच्या! विरोधक माझ्या खुर्चीतून गेले की घामाघूम दिसायचे, त्यांच्या खुर्चीतून गेले की आत्ताच अंघोळ करून आल्यासारखे. बाहेर पडताना त्यांनाच हात जोडायचे. माझा नुसता जळफळाट. खोटं कशाला बोलू, मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. मला ती खिडकीजवळची खुर्ची हवी होती.

चौथ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, काही कपाळं का चमकत नाहीत, ते सांगायला आलेय."

त्याच संध्याकाळी जाऊबाईंना निरोप मिळाला, उद्यापासून येऊ नका. खुर्ची मला मिळाली.

सकाळी मी कामावर निघाले, तर त्या ओट्याशी भाजी निवडत बसलेल्या. इतक्या वर्षांत त्या वेळी त्यांना घरात पाहिलं नव्हतं. मी घाईघाईने चपला सरकवल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. हात पुसून पर्समधून आपला पफ काढला. "कोण सांगायला गेलं होतं, ते साहेबांनीच सांगितलं मला."

माझ्या कपाळावरून घामाची धार लागली.

"एवढ्या घामाने गेलीस तर पाहुणे काय म्हणतील? वर बघ."

मी वर बघितलं. त्यांनी कपाळ केलं, नाक केलं, हनुवटी केली. कुठेही जोर नाही, घाई नाही. मग म्हणाल्या, "झालं. जा आता, उशीर होईल."

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं. चेहरा अगदी निर्दोष दिसत होता. मला असं लावता येत नाही. तेव्हाही, मेलं, मला त्यांचा हेवाच वाटला.