गाडीतला गोड वास

गॅरेजांच्या त्या रांगेत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना वासमास्तर म्हणत. गाडी तापते, पाणी कमी होतं अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडायचे. वासमास्तर बंद बॉनेटच्या फटीशी नाक न्यायचे, मग सायलेन्सरमागे उकिडवे बसायचे आणि शेवटी आत सीटवर जाऊन टेकायचे. कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला, गोडसर वास असतो, पाक करपायला लागला की येतो तसा. ते गरम लोखंडावर पडलं की एक, रबरातून झिरपलं की दुसरा, आणि इंजिनात जळून धुरावाटे आलं की तिसराच. एवढं हुंगून झालं की मास्तर गुडघे झाडत उठायचे आणि सांगायचे, "खालचा पाइप," किंवा, "पंपाचं सील." बॉनेट उघडायचं ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

या कौतुकाने ते थोडे चढून गेले होते, हेही सांगायला हवं. शेजारच्या गाळ्यातला वायरवाला गाड्यांची विजेची कामं करायचा. मास्तरांचा जुना दोस्त. त्याने रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा हातपंप विकत आणला, तेव्हा मास्तरांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्या पंपाने आत दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. "काटा काय, गळतंय एवढंच सांगणार," मास्तर म्हणाले. "कुठे ते विचारायला त्याला माझ्याकडेच यायचंय."

मग पावसाळ्यात त्यांना ताप आला. काही भयंकर नाही, आला तसा गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं सर्दी असेल. एक दिवस गाळ्यात कुणी नाही असं बघून त्यांनी पेट्रोलचा बोळा नाकाशी धरला. काही नाही, साध्या पाण्याने भिजवल्यासारखा. त्यांनी बोळा टाकून दिला आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा. हुंगणं मात्र सोडलं नाही. बॉनेटशी नाक नेणं, सायलेन्सरमागे बसणं, सगळं साग्रसंगीत चालू राहिलं. आयुष्यभराचा अनुभव गाठीशी होता, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा लागू पडायचा. नाही पडला तर वायरवाला घरी गेल्यावर ते त्याचा पंप गुपचूप वापरायचे. मनातून मात्र ते पार हादरलेले होते.

आणि मग थंडीत मुलीची गाडी तापायला लागली.

मुलगी नर्स होती. चढावरच्या वस्त्यांमधून घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या मलमपट्ट्या करायची. सकाळी जाताना आपल्या तान्ह्या लेकीला सांभाळणाऱ्या बाईकडे सोडायची, येताना घ्यायची. गाडीला वडिलांशिवाय कुणी हात लावलेला तिला चालत नसे. मास्तरांनी हुंगण्याचा कार्यक्रम पार पाडला, कूलंटच्या टाकीचं झाकण बदललं, कूलंट भरलं आणि गाडी दिली. आठवडाभरात गाडी पुन्हा तापली. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. त्यानंतर ती चढावर अशी उकळली, की मुलगी बाळाला घेऊन भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिथून तिने फोन केला तो रागाचाही नव्हता. "बाबा, घाईत काहीतरी राहिलं असेल तुमचं," एवढंच ती म्हणाली. मास्तरांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी ओढून आणली. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा, पाण्याचा पंप कोरडा, जमिनीवर थेंब नाही. वायरवाल्याचा पंप आता उघडपणे लावला, तर काटा सावकाश खाली येत होता. बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनाच्या आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, गेलेलं. ऑइल स्वच्छ होतं, धूर पांढरा नव्हता, म्हणजे गॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती. तरी मास्तरांनी ठरवून टाकलं. गाडीच्या आत ते बसले होते, आत काही नाही, हे त्यांच्या हिशेबी कधीच निकालात निघालं होतं. आतली जमीन हाताने चाचपायची त्यांना सवयच नव्हती. जे काम नाक करतं, त्यासाठी हात कोण घालणार?

ते इंजिन खोलायला पाने काढत होते, तेवढ्यात मुलगी आली. खांद्यावर बाळ झोपलेलं. बाळाची पिशवी गाडीतच राहिली होती. तिने दार उघडलं, आत वाकली आणि थबकली.

"बाबा, गाडीत काही सांडलंत का? कसला गोड गोड वास मारतोय. परवाही येत होता, मला वाटलं बाळाचं औषध सांडलं."

मास्तरांच्या हातात पाना तसाच राहिला. मग ते गाडीशी आले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची रबरी मॅट त्यांनी उचलली. खालचा गालिचा चिंब होता. बोटं चिकट झाली. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो फुटला होता. थेंब बाहेर पडतील कसे? सगळं पाणी गाडीच्या पोटात मुरत होतं. काचेवर आतून तेलकट थर आला होता, तोही त्यांना आता दिसला.

"सापडलं ना? मग झालं तर," मुलगी म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. "पण हा वास तुम्हाला नाही आला?"

"सांडलं होतं थोडं" असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण मागच्या सीटवर बाळाची खुर्ची होती, पट्टे तसेच उघडे. काचा लावून, हीटर लावून, ती पोर रोज या वाफेत बसून गेली होती आणि आजोबांनी दोनदा "गाडी ठणठणीत" म्हणून किल्ली हातात दिली होती.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "कसलाच. त्या तापापासून."

 मग मास्तरांनी घाईघाईने सांगितलं, की आज हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकतो, नवा भाग येईपर्यंत हीटर नाही, गालिचा काढून धुतो, तोवर बाळाला यात बसवू नकोस.

"ही झाली तेव्हा तुम्ही हिला जवळ घेतलंत," मुलगी हळूच म्हणाली. "डोक्याला नाक लावलंत. म्हणालात, अगदी तुझ्यासारखाच वास आहे."

"म्हणालो."

"ते तापानंतरच होतं, बाबा."

"हो."

शेजारच्या गाळ्यात वायरवाला हॉर्न वाजवून बघत होता. त्या आवाजाने बाळ जागं झालं आणि आईच्या खांद्यावर तोंड घासू लागलं. मास्तर पुढे झाले, पण हात चिकट होते म्हणून लांबच उभे राहिले.

"अंघोळीनंतर जास्त येतो," त्यांनी विचारलं, "का झोपून उठल्यावर?"

मुलीला आधी कळलंच नाही. मग तिने बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं.

"झोपून उठल्यावर," ती म्हणाली. "आत्ता येतोय."