लोदच्या निलगिरीवर तीन वेढ्यांची गाठ

१९६३ साली सॅम्सनमामाचं पत्र आमच्या वाळवंटातल्या येरुहाम गावी आलं. ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं, मामा काहीतरी लपवतोय. लोदजवळ उंच निलगिरी छाटायचं काम आहे, दोरावरून झाडावर चढायची तऱ्हा दाखवतो, लगेच निघ. बस, एवढंच. मुंबईहून ज्यूंच्या या नव्या देशातही त्याने आम्हाला असंच बोलावून घेतलं होतं, दारात बाग मिळेल म्हणून. येरुहामला दारात वाळू मिळाली. पण कारखान्यात महिन्यातले दहा-बारा दिवसच काम असे, म्हणून निघालो. बायको रेबेका म्हणाली, "जा. पण ते सांगतात म्हणून झाडावर चढू नका."

येरुहामहून पहाटेची बीरशेबाची बस, तिथून लोदची. रविवारी मात्र निघू नका, रजेवरून परतणाऱ्या सैनिकांनी बस खच्चून भरते. मी सोमवारी गेलो, खिडकी मिळाली. बीरशेबा मागे पडल्यावर जमीन हळूहळू हिरवी झाली आणि लोदच्या अलीकडे संत्र्यांच्या बागा लागल्या. मामीने तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण केलं होतं, नारळ नसल्याने पातळ. मामा भरभरून बोलत होता. मी मनात म्हटलं, हा मला वर चढवणार आणि स्वतः खाली उभा राहणार.

सकाळी झाडाखाली गेलो. मुकादम रुमानियाचा. हिंदुस्थानातल्या लोकांना असलं काम झेपतं का, असं त्याने मामाला हिब्रूत विचारलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मामाने मला तऱ्हा समजावली. जाड दोर भक्कम फांदीवरून टाकलेला. बारीक दोरीच्या फासाचे त्याभोवती तीन वेढे द्यायचे. वजन नसलं की ही गाठ हाताने वर सरकते, वजन पडलं की दोराला घट्ट धरते. एक गाठ कमरेच्या पट्ट्याची, एक पायाची. आळीपाळीने सरकवत माणूस वर जातो.

मग त्याने कमरेची गाठ बांधली. मी मोजत होतो. वेढे दोनच होते.

विचारलं तर म्हणाला, दोन पुरतात. मला पटलं नाही. वर न चढता, जमिनीवरूनच पाय उचलून मी त्या गाठीच्या फासावर सगळा भार टाकला. गाठ सर्रकन घसरली आणि मी मातीत बसलो. मुकादम हसला.

"यावर मला चढवणार होतास?" मी मामाला विचारलं.

मामाने मुकादमाकडे पाठ केली आणि उजवा हात पुढे धरला. दोन बोटं मिटतच नव्हती. हिवाळ्यात हातावर फांदी पडली होती.

"तिसरा वेढा आवळता येत नाही रे. चढणार मीच होतो. तू गाठ बांधून देशील म्हणून बोलावलं, पण काल घरीही तुला सांगायला जीभ उचलेना. याला कळलं तर काम जाईल."

त्याच्यावरचा राग जाईना, आणि आता तो कशासाठी धरायचा तेही कळेना. मी तीन वेढे दिले, आवळले, पुन्हा भार टाकून पाहिला. गाठीने दोर धरला. मग पट्टा माझ्याच कमरेला बांधला. वर जाताना प्रत्येक गाठ मी दोनदा तपासत होतो. खालून मामा सांगत होता, "सावकाश. आधी कमरेची, मग पायाची."

दुपारी मुकादमाने विचारलं, म्हातारा आज खाली का? मोडक्या हिब्रूत मी म्हटलं, माझ्या गाठी बरोबर आहेत का ते तो बघतो. त्याने आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही, पण तो दुसऱ्या झाडाकडे वळला.

शुक्रवारी दुपारच्या आत बस गाठावी लागते, संध्याकाळपासून शब्बाथचा विसावा, गाड्या बंद. घरी पोचलो तेव्हा तळहात सोलले होते. रेबेकाने ते पाहिले आणि विचारलं, "फसवलं ना मामांनी?"

"हो," मी म्हटलं. "सोमवारी परत जातोय."