सोनारी काढा, माकणी बसवा

मंडळी, चहा घ्या आणि आधीच ऐकून ठेवा, यात चूक माझ्या एकट्याची आहे. माझा संसार मोडायला निघाला होता, आणि तोही माझ्याच शुद्ध मराठीमुळं!

धाराशिवला घरी बसून मी प्लगइन बनवतो. प्लगइन म्हणजे काय? तर चालत्या वेबसाइटला जोडायचा तुकडा, ट्रॅक्टरला नांगर जोडतात तसा. माझे असे पाच आहेत. प्रत्येकाची नवी आवृत्ती आपल्या मर्जीनं निघते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. नावं मात्र जिल्ह्यातल्या गावांची. फोटो दाखवणारा प्लगइन लग्नाच्या वर्षी काढला, म्हणून त्याला बायकोच्या माहेरचं नाव दिलं: सोनारी. यंदा त्याच्या जागी नवा काढला. त्याचं नाव माकणी.

माकणीच का? अहो, सहज सुचलं! लग्नाआधी मला माकणीचं एक स्थळ आलं होतं, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. सासरच्यांच्या डोक्यात मात्र पक्कं होतं.

तर या पाचांची माहिती पाच ठिकाणी विखुरलेली. गिऱ्हाइकं विचारायची, "सर, कुठलं कशाबरोबर चालतं?" मला स्वतःलाच आठवायचं नाही! शेवटी एका रविवारी बसलो आणि सगळं नीट लावलं. जुनं कोण, नवं कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही. इंग्रजी शब्द शक्यतो टाळायचे, असा पणच केला.

मग एकेक भाग गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला घेतला. पहिला मेसेज गेला, तेवढ्यात मनीषानं, म्हणजे बायकोनं, गॅस बंद करायला हाक मारली. परत आलो, 'सोनारी' असं शोधलं, वर आला तो गट उघडला आणि पुढचा मेसेज टाकून दिला. मोबाइल चार्जिंगला लावला आणि निवांत झोपलो.

गिऱ्हाइकांच्या गटाचं नाव 'सोनारी वापरणारे'. मी उघडला होता 'सोनारीकर मंडळी'. म्हणजे सासरे, मेहुणे आणि झाडून सगळ्या मावश्या!

मेसेज जसाच्या तसा ऐका:

"सोनारी आता जुनी झाली आहे. जागा फार अडवते आणि मधेच बंद पडते. माकणी आणण्यापूर्वी सोनारी पूर्णपणे काढून टाकावी. दोघींना एकत्र ठेवू नये. सोनारीचे फोटो आधी उतरवून घ्यावेत. दिवाळीनंतर सोनारीची कोणतीही जबाबदारी आमच्यावर राहणार नाही."

आता आमच्याकडं सून ओळखली जाते ती माहेरच्या गावावरून. भावकीत मनीषाला सगळे 'सोनारी'च म्हणतात. पुढचं काय सांगायचं?

दुपारी दारात जीप उभी. सासरे, मेहुणा आणि थोरल्या मावशी.

"या मामा! असं अचानक?"

"मग दिवाळीपतोर थांबायचं व्हय?" सासरे उंबऱ्यातूनच म्हणाले. "सांगा, सोनारी लई जागा अडवती म्हनं?"

मला काय आनंद झाला म्हणता! मामा पहिल्यांदाच माझ्या कामाची चौकशी करत होते.

"व्हय मामा. आधी एवढी नव्हती. हळूहळू फुगत गेली. नवी एकदम हलकी हाय."

"म्हंजी नवी बघून ठेवली तुम्ही?"

"बघून? मामा, सहा महिने रात्रंदिवस तिच्याच मागं हाय मी!"

मावशी मटकन खाली बसल्या.

"आन् मनीषाला ठावं हाय?"

"तिला दाखवली की! छान हाय म्हणाली."

तेवढ्यात मनीषा आतून आली. डोळे लाल, हातात बॅग. माहेरून तिला फोन आले होते. "म्या कवा छान म्हणले? चला आण्णा!"

तेव्हा कुठं माझ्या पायाखालची जमीन हलली. मेहुण्यानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. वाचला, आणि देवाशपथ सांगतो, त्या माणसाला मीही माझी मुलगी दिली नसती.

धावत लॅपटॉप आणला. सोनारी दाखवली, माकणी दाखवली, शपथा घेतल्या. सासऱ्यांनी शांतपणे सगळं बघितलं.

"बरं, यंत्राचं हाय. मग तसं वर लिवायचं न्हाय व्हय?"

"लिहिलं होतं मामा! ते तेवढं बरोबर गटात गेलं."

"दावा."

मनीषानं बॅग न सोडता माझा मोबाइल घेतला. गिऱ्हाइकांच्या गटावर माझी एकच ओळ होती: 'सोनारी आणि माकणी प्लगइन: संपूर्ण माहिती'. पुढं काही नाही. खाली अंगठ्यांची रांग, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचं उत्तर. ते मनीषानं मोठ्यानं वाचलं:

"सर, तुमचं लिहिलेलं आज पहिल्यांदा समजलं. धन्यवाद."

आधी मेहुणा फुटला, मग मावशी. मनीषा तर हसता हसता बॅगेवरच बसली. सासरे तेवढे हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, हितनं पुढं एवढंच लिवत जा. धंदाबी चालंल, आन् पोरगीबी नांदंल."