गार्बिन्ये मावशीला सात गल्ल्यांत गायचं होतं

गार्बिन्ये मावशीला बिल्बाओ ठाऊक आहे ते दवाखान्यापुरतं. समुद्रकाठच्या ओंदारोआहून सकाळच्या बसने यायचं, तपासून घ्यायचं, माझ्याकडे जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत. माझ्या आईची ती चुलतबहीण. वय साठीच्या पुढे, हात सुतारासारखे, आणि आवाज असा की फोनवर बोलताना मी फोन कानापासून लांब धरते.

आज गुरुवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. गळ्यात गाठ आहे, सोमवारी काढायची आहे. गाठ साधी आहे, डॉक्टर बाईंनी तसं दोनदा सांगितलं. पण आवाजाची नस तिला अगदी चिकटून गेलेली आहे, त्यामुळे नंतर आवाज बदलू शकतो, वरचे सूर जाऊ शकतात, हेही सांगितलं. मावशीने एवढंच विचारलं, की कितपत बदलेल. ते आत्ता सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

लिफ्टमध्ये मावशी म्हणाली, "नेरेआ, आज मी परत जात नाही. संध्याकाळी मला सात गल्ल्यांत घेऊन चल. मला तिथं गायचंय."

सात गल्ल्या म्हणजे बिल्बाओची जुनी वस्ती, दारोदारी बार. मला वाटलं, हिला धक्का बसलाय.

धक्काबिक्का काही नव्हता. ती हे कधीपासून मनात धरून होती ते तिने जेवताना सांगितलं. शाळा सुटल्यापासून मावशी बंदराच्या धक्क्यावर जाळी दुरुस्त करते. बुटक्या खुर्च्या टाकून बायका ओळीने बसतात, मांडीवरून जाळं पसरलेलं असतं, हातात सुई, आणि हाताबरोबर गाणं. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं. मावशी ओळीच्या टोकाला बसते आणि खालचा आवाज लावते, कारण तो कुणालाच नको असतो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "आयुष्यभर जाळी शिवली, पण त्यात मासेच सापडले."

एकोणीस वर्षांची असताना ती इतर बायकांबरोबर मजुरी वाढवून मागायला बिल्बाओला आली होती. मोर्चा संपला, आणि सात गल्ल्यांतून जाताना एका कोपऱ्यावर पुरुषांचं टोळकं गाताना दिसलं. रस्त्यातच, गोल करून, खांद्याला खांदा लावून. दगडी भिंतींमध्ये तो आवाज असा काही घुमत होता की मावशीचे पायच हलेनात. तिला त्यांच्यात शिरून गायचं होतं. पण बस सुटत होती, बायकांनी ओढून नेलं. "तेव्हापासून म्हणतेय, पुढच्या वेळी," मावशी म्हणाली. "आता पुढच्या वेळी गळा कुणाचा असेल कुणास ठाऊक."

मी दवाखान्यात फोन करून विचारलं की पेशंटने वाईन घेतली तर चालेल का. नर्स म्हणाली, रविवार संध्याकाळपासून काही नको, आज घ्या, आणि तुम्हीही घ्या, तुम्हालाच जास्त गरज दिसतेय. मी दोन मफलर घेतले, नदीवरून वारा येतो म्हणून.

अडचण अशी की मला त्या गल्ल्यांतलं फारसं कळत नाही. माझे पती मित्रांबरोबर जातात, मी घरी असते. तेव्हा माझी मुलगी इराती म्हणाली, मी येते, मला थोडंफार माहीत आहे.

थोडंफार म्हणजे काय ते पहिल्याच बारच्या दारात कळलं. काउंटरमागच्या माणसाने हात वर करून विचारलं, "इराती, नेहमीचं?"

इराती माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडेच बघत होते. मधे मावशी म्हणाली, "नेहमीचं म्हणजे जे काय असेल ते मलाही द्या."

तळाला जाड काच असलेल्या जड पेल्यांत बोटभर लाल वाईन आली. सोबत काडीला टोचलेली हिरवी मिरची, ऑलिव्ह आणि खारवलेला मासा. मावशीने मासा चाखला आणि हा आमच्याच बंदराचा, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. दोन घोटांत पेला रिकामा. ती दुसरा मागायला निघाली तशी इरातीने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. एका बारमध्ये एकच पेला, मग पुढचा बार. बसायचं नाही, रेंगाळायचं नाही.

"चालत चालत प्यायचं?" मावशीला हे फारच आवडलं. "अगं, मग चढणार कशी?"

ती लहान पोरीसारखी इकडून तिकडे बघत होती. प्रत्येक दारातून उजेड आणि तळलेल्या कॉड माशाचा वास बाहेर येत होता, माणसं पेले घेऊन रस्त्यावर उभी होती, कुणी आजी बाबागाडी हलवत पीत होती. मी तिचा मफलर सारखा नीट करत होते, ती सारखा सैल करत होती. दुसऱ्या बारमध्येही इरातीला नावाने हाक आली. मी मनात नोंद केली, पण आज नाही, असं ठरवलं.

तिसऱ्या बारमध्ये घोटाळा झाला. कोपऱ्यात पाच-सहा म्हातारे उभे होते. त्यांतला एक, टोपी मागे सरकवलेला, पेल्यावर बोटांनी ताल धरून काहीतरी गुणगुणत होता. बंदरावरचंच एक जुनं गाणं. मावशीने ते ओळखलं, आणि पेला खाली ठेवून सरळ गायला लागली. ओंदारोआत असंच करतात, काउंटरला टेकून, भरल्या बारमध्ये. तिचा तो आवाज. काउंटरमागच्या माणसाने फडक्याने भिंतीकडे दाखवलं. पाटी होती: येथे गाण्यास मनाई आहे.

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. टोपीवाला म्हणाला, "बाई, इथं फक्त पितात. गाणं बाहेर, कोपऱ्यावर. नवीन दिसता."

मावशीचा चेहरा लाल झाला. तिला मी कधी शरमलेलं बघितलं नव्हतं. तिने मफलर स्वतःच गळ्याभोवती गुंडाळला आणि हळू म्हणाली, "चल नेरेआ, घरी जाऊ. पुष्कळ झालं."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. गार वारा, दुखरा गळा, घरी ऊन सूप होतं. मी पर्स उचलली देखील. पण इराती म्हणाली, "आजी, ते म्हातारे निघाले. कोपऱ्यावरच चाललेत. त्यांनीच तर सांगितलं ना, बाहेर." आणि मावशीचा हात धरून ती त्यांच्या मागे निघाली. मग मीही.

कोपऱ्यावर त्यांनी गोल केला, तोंडं आत, पाठी बाहेर. अशा टोळक्यातले मित्र शाळेपासूनचे असतात, त्या गोलात बाहेरचं कुणी जात नाही, हे मलाही माहीत होतं. टोपीवाल्याने सूर दिला, बाकीच्यांनी धरला, आणि भिंतींतून तो आवाज असा वर चढला की माझ्याही अंगावर काटा आला. मावशी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दुसऱ्या कडव्याला तिने खालचा आवाज लावला. अगदी हळू. मग जरा मोठा.

टोपीवाल्याने वळून पाहिलं नाही. गाता गाताच तो पाऊलभर बाजूला सरकला. दोन पाठींच्या मधे एका माणसाची जागा झाली. इरातीने मावशीला मागून ढकललं, चांगलंच ढकललं, आणि मावशी आत गेली.

गाणं संपल्यावर चोमिन, म्हणजे तो टोपीवाला, म्हणाला, "कुठल्या हो तुम्ही?"

"ओंदारोआची."

"तरीच. बोटीवरच्यांना किनाऱ्यावरून हाका मारायची सवय."

"आणि तुमचा आवाज इतका बारीक कसा? बँकेत होतात का?"

तो खरंच बँकेत होता. बाकीचे म्हातारे हसून हसून वाकले. नंतर आम्हाला त्यांच्या तावडीतून सुटकाच नव्हती. बार, पेला, कोपरा, गाणं. पुन्हा बार. मावशीचे डोळे चमकत होते, आणि मी मफलरचा विषय सोडून दिला होता. मी दोन गाणी गायलीदेखील. इराती म्हणाली, आई, तू बेसूर आहेस पण छान.

शेवटच्या कोपऱ्यावर चोमिन म्हणाला, "पुढच्या गुरुवारी या. आम्ही इथंच असतो."

मावशीने सांगून टाकलं: सोमवार, गाठ, नस, सगळं. एकाने टोपी काढली, ती मावशीने त्याच्या हातून घेऊन परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "मेले नाहीये अजून."

"मग आता सूर तुम्ही द्या," चोमिन म्हणाला.

कडेचा सूर धरणाऱ्या माणसाने गाणं उचलायचं, हे मावशीच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. इतक्या खालून, की म्हाताऱ्यांना गुरगुरावं लागलं. एकाला खोकला आला. अर्ध्यात गाणं मोडलं आणि चोमिन म्हणाला, "अहो बाई, हा काय विहिरीतला सूर? जरा वर घ्या."

"नाही," मावशी म्हणाली. "वरचे सूर गेले तरी डॉक्टर एवढा तर ठेवतील, असं वाटतं. या सुरात तुम्हाला जमतं का ते बघून ठेवतेय."

चोमिनने बाकीच्यांकडे पाहिलं. मग हनुवटी छातीला लावून तिच्याच सुरात सुरू केलं. घोगऱ्या, खरखरीत आवाजात सगळे गायले, शेवटपर्यंत. कुणालाच ते नीट जमलं नाही. वरच्या मजल्यावरून एका बाईने खिडकी उघडून पाहिलं, ऐकलं आणि उघडीच ठेवली.

"जमेल," चोमिन म्हणाला. "सवय करावी लागेल. आठवडाभर आहे."